कात्री लावण्याआधी: झाडांच्या छाटणीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छाटणीबद्दल विचारणारे बहुतेकजण "कुठून कापू?" एवढंच विचारतात. कापल्यावर झाड काय करेल, हे फार थोडे विचारतात. खालची बरीचशी उत्तरं या दुसऱ्या प्रश्नाकडेच वळतात, कारण त्याचं उत्तर कळलं की पहिल्याचं आपोआप सापडतं.

छाटलेली जागा भरून यायला किती दिवस लागतात?

ती भरून येतच नाही. आपलं बोट कापलं तर खराब झालेल्या पेशींच्या जागी नव्या पेशी येतात आणि महिन्याभराने कुठे कापलं होतं तेही आठवत नाही. झाडाला हे जमत नाही. त्याचं लाकूड एकदा जखमी झालं की कायमचं जखमी. झाड करतं काय, तर त्या जागेला आतून कोंडून टाकतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवत नेतं. काही वर्षांनी वरून साल जुळलेली दिसते, पण आत तो जुना काप जसाच्या तसा असतो. झाड पुढे कधी आडवं कापलं गेलं, तर वीस वर्षांपूर्वीचा काप त्यात स्पष्ट दिसतो.

हे नीट उलगडून दाखवलं ते ॲलेक्स शायगो (१९३०–२००६) यांनी. ते अमेरिकेच्या वनसेवेत संशोधक होते. त्यांच्या आधीचे लोक झाडाची कूज आडव्या चकत्यांमध्ये बघत. शायगोंनी साखळी करवतीने हजारो झाडं उभी चिरली आणि कूज कुठून कुठे जाते, कुठे अडते, ते पाहिलं. १९७७ मध्ये त्यांनी मांडलेलं चार भिंतींचं चित्र आजही छाटणीचा पाया मानलं जातं.

पहिली भिंत खोडाच्या लांबीच्या दिशेने. जखमेच्या वरच्या आणि खालच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या झाड बुजवतं. ही सगळ्यात कच्ची, म्हणून कूज वर-खाली लवकर पसरते. दुसरी भिंत म्हणजे वार्षिक वलयांची, ती कूज गाभ्याकडे जाऊ देत नाही. तिसरी बाजूला पसरू देत नाही. या तिन्ही जखमेच्या वेळी असलेल्या लाकडातच उभ्या राहतात. चौथी मात्र जखमेनंतर तयार होते. सालीखालचा जिवंत थर एक वेगळंच रासायनिक कवच घालतो आणि त्याच्या बाहेर वाढणारं सगळं नवं लाकूड सुरक्षित राहतं. चौघींत हीच सर्वांत भक्कम. म्हणून पूर्ण पोखरलेल्या, ढोली पडलेल्या झाडालाही बाहेरून हिरवीगार पालवी फुटलेली दिसते. ढोलीच्या आतलं लाकूड हे जखमेच्या दिवशीचं झाड, आणि बाहेरचं त्यानंतरचं.

मग फांदी नेमकी कुठे कापायची?

फांदी खोडाला जिथे मिळते तिथे हात फिरवून बघा. बुडाशी थोडा फुगीर भाग लागेल, सदऱ्याच्या कॉलरसारखा. त्याला कॉलरच म्हणतात. वरच्या बाजूला, बेचक्यात, सालीची एक खरबरीत, काळपट, उंचावलेली रेघ दिसेल. ती सालीची घडी. काप या घडीच्या किंचित बाहेरून सुरू होऊन कॉलरच्या बाहेर संपला पाहिजे. घडी आणि कॉलर दोन्ही झाडाकडे राहायला हवेत.

कॉलर महत्त्वाची, कारण ती खोडाचा भाग आहे, फांदीचा नाही. फांदी मेली तर तिची कूज खोडात शिरू नये म्हणून लागणारी रसायनं याच भागात साठतात. कॉलर कापली म्हणजे फांदी काढता काढता खोडालाच जखम केली.

काही फांद्यांवर कॉलर स्पष्ट दिसत नाही. तेव्हा घडीच्या वरच्या टोकापाशी एक सरळ उभी रेघ मनात धरा. घडी त्या रेघेपासून जेवढ्या कोनात झुकली असेल, साधारण तेवढ्याच कोनात दुसऱ्या बाजूला काप घ्या. वाळलेल्या फांदीवर कॉलर कधी कधी फांदीच्या अंगावर बरीच पुढे सरकलेली असते. तिथे फक्त मेलेलं लाकूड कापायचं, जिवंत भागाला हात लावायचा नाही.

खोडाला घासून कापलं तर किती सुबक दिसतं! त्यात चूक काय?

दिसतं खरं. जुने माळी तसंच कापायचे आणि अनेक जण अजून कापतात. पण तसं कापलं की जखम दुप्पट मोठी होते, कॉलर जाते आणि कूज अडवणारा भागच नाहीसा होतो.

उलट टोकाची चूक म्हणजे खुंटी सोडणे. खुंटीवर पानं नसली की तिला अन्न मिळत नाही. ती मरते, सडते, आणि नवं लाकूड तिच्यावर चढू शकत नाही, कारण वाटेत ती लाकडाची खुंटी उभी असते. माझ्या एका आंब्यावर मी अशीच वीतभर खुंटी सोडली होती, "नंतर काढू" म्हणून. तीन वर्षांनी हात लावला तर ती ओल्या बिस्किटासारखी चुरली आणि आतून मुंग्यांची रांग बाहेर आली. सुदैवाने कूज कॉलरपाशी थांबली होती. कॉलर कापली असती तर ती थेट खोडात गेली असती.

मोठी फांदी कापताना साल खालपर्यंत सोलून निघाली. असं का झालं?

एकाच कापात फांदी उतरवली म्हणून. वरून करवत चालवली की फांदी पूर्ण कापली जाण्याआधीच वजनाने वाकते आणि खालची साल ओढत नेते. माझ्याकडून एकदा सालीची पट्टी खोडावरून थेट गुडघ्याच्या उंचीपर्यंत उतरली होती. फांदी मनगटाएवढीच होती. ती जखम आजही उघडी आहे.

त्यासाठी तीन काप घ्यायचे. पहिला काप खोडापासून साधारण एक फूट बाहेर, खालून वर, फांदीच्या पाव ते एक तृतीयांश जाडीपर्यंत. दुसरा त्याच्याही थोडा बाहेर, वरून खाली. फांदी इथे तुटते आणि साल सोलायला लागलीच तर पहिल्या कापापाशी अडते. उरलेल्या हलक्या तुकड्याला हाताने आधार देऊन तिसरा, खरा काप कॉलरच्या बाहेर.

कापावर रंग, डांबर किंवा मेण लावायचं का?

नाही. हा सल्ला पिढ्यानपिढ्या चालत आला आहे, पण जखमेवर लावलेले लेप कूज थांबवत नाहीत. लेप सुकून तडकतो, फटींतून पाणी आत जातं आणि मग तिथेच अडकून राहतं. बुरशीला असा ओलसर, अंधारा कोपरा हवाच असतो. काही डांबरी लेप तर कडेच्या जिवंत पेशींनाच मारतात.

फळबागेत बोर्डो पेस्ट लावतात, त्याचं काय? ती बुरशीनाशक आहे, मलम नाही. विशिष्ट रोगाचा धोका असेल तर तिचा उपयोग आहे. तिने जखम लवकर झाकली जाईल अशी मात्र अपेक्षा ठेवू नका. अपवाद एकच सांगतो: अमेरिकेत ओकच्या झाडांना मारणारा एक बुरशीजन्य रोग कीटकांमार्फत ताज्या जखमेवर पोचतो. तिथे त्या हंगामात कापाला लगेच रंग लावायला सांगतात, कारण कीटकांना जखमेपासून दूर ठेवायचं असतं.

शेंडा खुडला की झाड डेरेदार का होतं?

फांदीच्या टोकाशी असलेला शेंडा ऑक्सिन नावाचं संप्रेरक बनवतो आणि ते खाली वाहत राहतं. जोवर ते वाहतंय तोवर खालचे डोळे, म्हणजे न फुटलेले कोंब, झोपलेले राहतात. १९३३ च्या सुमारास थिमान आणि स्कूग या दोन शास्त्रज्ञांनी शेंगवर्गातल्या रोपांचे शेंडे कापून त्या जागी ऑक्सिन लावलं. शेंडा नसूनही बाजूचे डोळे दबलेलेच राहिले.

पण ही गोष्ट एवढ्यावर संपत नाही. २००८ मध्ये स्ट्रायगोलॅक्टोन नावाची दुसरी संप्रेरकं फुटवे रोखतात हे कळलं. २०१४ मध्ये वाटाण्यावरच्या प्रयोगात आणखी एक गंमत दिसली: शेंडा काढल्यावर खालचे डोळे ऑक्सिन कमी होण्याची वाटच बघत नाहीत. शेंडा जी साखर ओढून घेत होता ती मोकळी होते, डोळ्यांपर्यंत पोचते आणि ते जागे होतात. म्हणजे शेंडा हा नुसता धाकदपटशा करणारा नाही, घरातलं बरंचसं अन्न एकटाच खाणाराही आहे.

व्यवहारात याचा अर्थ असा: फांदी मधेच कुठेतरी कापली की कापाच्या लगेच खालचे दोन-चार डोळे जोरात फुटणार. शेवटच्या डोळ्याचं तोंड ज्या दिशेला, नवी फांदी साधारण त्या दिशेला. म्हणून कापताना बाहेर तोंड केलेला डोळा निवडा.

मग उंच झाडाचा शेंडाच उडवला तर? वादळात पडायची भीती वाटते.

या प्रश्नाला मी नेहमी थोडा वैतागून उत्तर देतो, कारण बहुतेक वेळा तो शेंडा उडवून झाल्यावर येतो.

मोठ्या झाडाच्या जाड फांद्या मधूनच तोडल्या की तीन गोष्टी होतात. पहिली, झाडाची उपासमार. पानं अन्न बनवतात आणि फांद्यांच्या लाकडातल्या जिवंत पेशींत ते पिठूळ स्वरूपात साठवलं जातं. तुम्ही चूल आणि कोठार दोन्ही एकदम काढून नेलीत. दुसरी, सावलीत वाढलेल्या सालीवर अचानक ऊन पडतं, ती भाजते आणि तडकते. तिसरी गोष्ट लोकांना वाढ वाटते: कापांखालून सोटे सरळ वर येतात, दाट झुडपासारखे, आणि झाड काही वर्षांत पूर्वीच्या उंचीला पोचतं.

हे सोटे दिसायला दणकट असतात, पण त्यांची बांधणी कच्ची. साधी फांदी लहानपणापासून खोडाबरोबर वाढते, दोघांचं लाकूड वर्षानुवर्षं एकमेकांत विणलेलं असतं. हे सोटे मात्र सालीखालच्या झोपलेल्या डोळ्यांतून उशिरा आलेले असतात आणि बाहेरच्या थोड्या थरांनाच चिकटलेले असतात. खाली जुना काप सडत असतो. म्हणजे वादळाच्या भीतीने जे केलं, त्यातून वादळात मोडणाऱ्या फांद्यांचं पीक आलं.

उंची खरंच कमी करायची असेल तर फांदी मधे न तोडता तिच्या एखाद्या उपफांदीपर्यंत मागे कापा. ती उपफांदी कापलेल्या फांदीच्या निदान एक तृतीयांश जाडीची हवी. तेवढी असेल तर ती शेंड्याचं काम हाती घेते आणि सोट्यांची झुंबड उडत नाही.

युरोपात रस्त्याकडेची झाडं दरवर्षी पार बोडकी करतात. ती कशी टिकतात?

ती पद्धत वेगळी आहे. झाड कोवळं असतानाच सुरुवात करतात, जागा ठरवतात आणि मग दर एक-दोन वर्षांनी नवे फुटवे तेवढे काढतात, नेहमी त्याच जागी. तिथे मुठीसारखी गाठ तयार होते. ती गाठ कधी कापत नाहीत. रेशीमशेतीतली तुतीही वारंवार छाटून अशीच आटोक्यात ठेवतात. पन्नास वर्षांच्या झाडावर हा प्रयोग सुरू करता येत नाही.

पानसोट, म्हणजे खोडातून किंवा जाड फांदीतून सरळ वर येणारे जोमदार फुटवे, दिसले की काढून टाकायचे ना?

कशामुळे आले ते आधी पाहा. कलमी झाडावर कलमाच्या जोडाखालून फुटले असतील तर लगेच काढा. ते खुंटाचे, म्हणजे ज्यावर कलम बांधलं त्या खालच्या झाडाचे आहेत, वरच्या जातीचे नाहीत, आणि राहू दिले तर झाड ताब्यात घेतील. बोटाने मोडता येतील इतके कोवळे असतानाच काढले तर उत्तम.

पण मोठ्या छाटणीनंतर किंवा वादळात मोडतोड झाल्यावर आलेले पानसोट म्हणजे झाडाची पोट भरायची धडपड असते. ते सगळे एकदम काढले की झाड उरल्यासुरल्या साठ्यातून पुन्हा तेवढेच काढतं. पहिल्या वर्षी राहू द्या. मग दरवर्षी थोडे विरळ करा आणि चांगल्या जागी असलेला एखादा वाढवा.

एका वेळी किती छाटलं तर चालतं?

वाढत्या झाडाला एका वर्षात जिवंत पानोऱ्याच्या पाव भागापेक्षा जास्त नको. म्हाताऱ्या किंवा आजारी झाडाला त्याहून पुष्कळ कमी. त्यातही एकूण किती यापेक्षा एकेक काप केवढा, हे मी जास्त बघतो. दोन इंचांपर्यंतचे काप झाडाला सहज झेपतात. चार इंचांच्या पुढे फांदीत जुनं, निर्जीव गाभ्याचं लाकूड असू शकतं. तिथे भिंत घालायला जिवंत पेशीच नसतात. एक जाड फांदी काढण्यापेक्षा चार बारीक काढलेल्या बऱ्या.

सल, म्हणजे वाळलेल्या काड्या, या हिशेबात धरायची नाही. ती केव्हाही काढा.

आतल्या बारीक फांद्या काढून झाड मोकळं केलं. आता ते वाऱ्यात जास्तच हेलकावे खातं.

खाणारच. आतलं सगळं खरवडून काढलं आणि टोकाला झुबका ठेवला की फांदी सिंहाच्या शेपटीसारखी होते. वजन सगळं टोकाला जातं. आतल्या लहान फांद्या हेलकावा शोषून घेत होत्या आणि फांदीच्या बुडाला अन्न देत होत्या. विरळ करायचं असेल तर बाहेरच्या कडेने करा.

छाटणी कधी करावी?

नवी पालवी फुटण्याच्या थोडं आधी. तेव्हा साठा भरलेला असतो आणि पालवीबरोबरच जखमेच्या कडेचं लाकूडही वाढायला लागतं. पालवी फुटत असताना मात्र टाळा. त्या वेळी साठा खर्च झालेला असतो आणि साल लाकडावर सैल बसलेली असते, हात लागला तरी सुटते. सततच्या पावसात ताजे काप उघडे ठेवणंही बरं नाही.

फुला-फळांच्या झाडांना मात्र आणखी एक प्रश्न विचारावा लागतो: मोहोर कुठल्या काडीवर येतो? आंब्याला तो पक्व झालेल्या काडीच्या टोकाला येतो. म्हणून फळं उतरली की छाटायचं, म्हणजे नव्या फुटीला पक्व व्हायला वेळ मिळतो. मोहोराच्या तोंडावर शेंडे कापले तर त्या वर्षीचं फळ हातचं गेलं. पेरू आणि सीताफळाचं उलट. त्यांना नव्या फुटीवरच कळ्या येतात, त्यामुळे छाटणीच बहाराला चालना देते. शेवगाही नव्या फुटीवर फुलतो आणि जोरदार छाटणी मुकाट्याने सोसतो.

रोप लावताना फांद्या कमी कराव्या का? मुळं कमी असतात म्हणून विचारतो.

नको. मोडकं तेवढं काढा. नवी मुळं पानांनी बनवलेल्या अन्नावरच वाढतात.

खरी छाटणी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून सुरू होते, आणि कात्रीने होते, करवतीने नाही. दोन सारख्या जाडीचे शेंडे वर चढत असतील आणि बेचका अरुंद असेल तर त्यातला एक आत्ताच मागे कापा. अरुंद बेचक्यात दोन्हीकडची साल आत दुमडली जाते. लाकूड लाकडाला मिळतच नाही, मधे सालीचा पापुद्रा राहतो. पुढे ते दोन्ही खांद्याएवढे जाड झाले की वाऱ्याने झाड उभं फाटतं ते इथेच. आज अंगठ्याएवढा काप पुरतो.

खालची फांदी डोक्याला लागते. झाड वाढेल तशी ती वर जाईल ना?

नाही. झाड टोकाला वाढतं, खालून रबरासारखं ताणलं जात नाही. चार फुटांवरची फांदी कायम चार फुटांवरच राहते, उलट जाड होऊन आणखी खाली आल्यासारखी वाटते. नको असेल तर लहान असतानाच काढा, पण खालच्या सगळ्या एका वर्षात नको. खोड जाड करायला त्या मदत करतात.

नारळ, ताड, शोभेचे पाम यांनाही हेच नियम?

अजिबात नाही. त्यांचं लाकूड वलयांनी वाढत नाही, त्यामुळे खोडावरची जखम कधीच झाकली जात नाही. बहुतेकांना वाढीचा कोंब एकच असतो, तो कापला की झाड संपलं. फक्त पूर्ण वाळलेल्या झावळ्या काढा. हिरव्या ओरबाडून वरती पिसाऱ्यासारखा झुपका ठेवायची फॅशन झाडाला उपाशी ठेवते.

पाइन-सायप्रससारख्या सूचिपर्णी झाडांचंही वेगळं आहे. पानं नसलेल्या जुन्या लाकडापर्यंत मागे कापलं तर बहुतेकांना तिथून पुन्हा फूट येत नाही.

हत्यार कोणतं वापरावं? घरी कोयता आहे.

कोयता ठेवून द्या. त्याचा घाव नेमका बसत नाही आणि लाकूड पिचतं. अंगठ्यापर्यंतच्या जाडीला सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, आणि तोही ज्याची दोन पाती एकमेकांना घासून जातात असा. एक पातं सपाट पट्टीवर आपटणारा सिकेटर जिवंत काडी चेचतो. त्याहून जाड फांदीला ओढताना कापणारी वाकडी करवत. रोगट झाडाकडून निरोगी झाडाकडे जाताना पाती सत्तर टक्के अल्कोहोलने पुसा. आंब्याचा चीक डोळ्यात किंवा अंगावर उडू देऊ नका, त्याने कातडी भाजल्यासारखी होते.

विजेच्या तारांजवळची, किंवा शिडीवर चढून करवत चालवावी लागेल अशी फांदी स्वतः कापायला जाऊ नका. अनुभवी माणूस बोलवा, पण आधी विचारा की काप कुठे घेणार. "सगळा शेंडा मारून देतो" म्हणाला तर दुसरा शोधा. घरटी आहेत का बघा, आणि मोठ्या झाडासाठी स्थानिक परवानगी लागते का तेही.

गेल्या वर्षीचा काप नीट पडला होता का, हे आता कसं ओळखायचं?

कापाच्या कडेने नव्या लाकडाचा जो जाड ओठ चढतो, त्याचा आकार बघा. सगळीकडून सारखा, मेदूवड्यासारखा गोल असेल तर काप योग्य जागी होता. फक्त डाव्या-उजव्या बाजूंना ओठ आहे आणि वर-खाली लाकूड उघडंच, म्हणजे कॉलर कापली गेली. खालचा अर्धा भागच कोरडा राहिला असेल तर काप खालच्या बाजूला जास्त आत शिरला होता. आणि ओठ नावालाही दिसत नसेल, मधलं लाकूड करडं पडून भेगाळलं असेल, तर ती खुंटी आहे. नखाने तिच्या बुडाशी खरवडून पाहा. साल कुठे हिरवी व्हायला लागते ते सापडेल, आणि आजचा काप त्या हिरव्या कडेच्या जरासा बाहेर.